फाटकावरचा कॅप्टन

गल्ली त्याला कॅप्टन म्हणायची. खरं तर तो फौजेत शिपाई म्हणून भरती झाला आणि शिपाई म्हणूनच घरी आला, पायाची दोन बोटं बर्फातल्या चौकीवर सोडून. पण चालायचा असा, की समोरचा आपोआप रस्त्याच्या कडेला सरायचा.

नोकरीची शेवटची वर्षं त्याने फाटके तंबू शिवण्यात काढली होती. तेवढ्या शिदोरीवर त्याने पडवीत जाड सुईचं एक मशीन मांडलं आणि ताडपत्र्या शिवायला घेतल्या. घेतल्या म्हणजे बायकोला बसवलं. एकदा सुई तिच्या बोटातून आरपार गेली. तो म्हणाला, "अगं, हात बाजूला घे, कापडाला डाग पडेल." पुढे धंद्याने बाळसं धरलं, शेड उभी राहिली, मशीनं ओळीने लागली, कारागीर आले. बायको परत स्वयंपाकघरात गेली. "हे सगळं मी एकट्याने उभं केलं," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि ती दाराआडून ऐकून घ्यायची.

घरातही त्याने छावणीच थाटली होती. दोन मुलगे. चूक झाली की ताडपत्रीचा गुंडाळा डोक्यावर धरून अंगणात उभं राहायचं आणि तो 'बस' म्हणेपर्यंत जेवण नाही. बायकोने एकदा चोरून दोन घास नेले, तर तिचंही ताट उचललं गेलं. थोरला रडायचा. धाकटा रडायचा नाही. तो बापाकडे टक लावून बघत राहायचा.

थोरला विशीत आला तेव्हा त्याने एका मोठ्या तंबूचं कापड चुकीचं कापलं. बापाने ते वाया गेलेलं कापड त्याच्या गळ्यात अडकवलं आणि सगळ्या कारागिरांसमोर त्याला उभं केलं. धाकट्याला सांगितलं, "नजर ठेव. हलला तर मला येऊन सांग." दुपारी थोरला भिंतीला टेकला. धाकट्याने जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी थोरला घरातून गेला तो गेलाच.

"पळपुटा निघाला," कॅप्टन म्हणाला. "मला एकच मुलगा."

बरीच वर्षं गेली. कॅप्टनला अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख राहिलं आणि तेच वाईट झालं. धंदा धाकट्याच्या हातात आला. म्हातारा तरी रोज शेडमध्ये जाऊन कारागिरांवर ओरडायचा. तोंडातून नुसती घरघर निघायची. कारागीर माना खाली घालून हसायचे.

मग धाकट्याने त्याच्यासाठी पितळी बटणांचा कोट आणि टोपी शिवून घेतली. "बाबा, उद्यापासून फाटकावर बसा. गिऱ्हाईक आलं की उठून सलाम ठोकायचा. जुना फौजी बघितला की लोकांना माल भरवशाचा वाटतो."

म्हाताऱ्याने टोपी भिरकावली. धाकट्याने ती शांतपणे उचलली, झटकली. "आई, यांचं ताट वाढू नकोस. मी सांगेपर्यंत."

तिने वाढलं नाही. पहिल्या दिवशी म्हातारा गुरगुरला. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, बोटं तोंडाकडे नेत. ती भाजी चिरत राहिली. "मला काय विचारता? त्याला विचारा. तुमच्याच हाताखाली तयार झालाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालून फाटकावर होता.

एकदा दुपारी ती त्याचा डबा घेऊन गेली, तेव्हा शेडसमोर एक गाडी थांबत होती. उतरलेल्या माणसाला तिने लगेच ओळखलं. लग्न झालं त्या वर्षी तो त्यांच्या घरी येऊन जेवून गेला होता. फौजेतल्या याच सोबत्याने कॅप्टनला पाठीवर घालून बर्फातून खाली आणलं होतं. कॅप्टननेही ओळखलं. त्याने उठून सलाम ठोकला आणि सोबत्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. नुसती लाळ गळली. सोबती दचकून मागे सरला.

"हा दरवान कुठून पैदा केलात?" त्याने हसत धाकट्याला विचारलं.

"जुना माणूस आहे," धाकटा म्हणाला. "ठेवलाय झालं. नाहीतर जाणार कुठे?"

एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं. ती डब्याचं झाकण काढत बसली. माल बघून सोबती गेला, गाडी दिसेनाशी झाली, तरी कॅप्टनचा हात कपाळावरून खाली येईना. तिनेच तो धरून खाली घेतला. "जेवून घ्या. गार होतंय."

हिवाळा सरायच्या आत तो गेला. शोकसभेत धाकटा म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत कर्तव्यावर होते." लोकांनी डोळे पुसले.

थोरला आला होता, केस पिकलेला. फाटकाची हकीकत त्याला एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितली. तो आईजवळ येऊन बसला.

"आई, तू तिथेच होतीस. तुला थांबवता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

"ते टोपी घालून बसले ना, त्या दिवशी मला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली."

तेवढ्यात बाहेरून धाकट्याची हाक आली. पाहुण्यांना चहा हवा होता. ती गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"तू बस, मी सांगतो त्याला," थोरला म्हणाला.

"नको बाबा," ती पदर सावरत म्हणाली. "त्याला ताटकळत ठेवलेलं चालत नाही."