तीस मीटरचा तागा

कापडाला कात्री लावण्याआधी मावशी रोज ते दोनदा मोजायची; एकदा डाव्या टोकाकडून, एकदा उजव्या. दोन्ही खुणा एका जागी आल्या की मगच कात्री चालायची. पडद्यांच्या त्या कारखान्यात कटिंगची मुकादमी तिला मिळायची होती, पण दहावी पास असेल तरच. सगळे विषय सुटले होते. गणित तेवढं मानगुटीवर बसलं होतं, आणि पेपर उद्यावर आला होता.

जेवणाच्या सुटीत कॉलेजात शिकणारी भाची कटिंगच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली.

"पडदे दुप्पट, तर कापड दुप्पट. हे समचलन. शिवणाऱ्या बायका दुप्पट, तर दिवस निम्मे. हे व्यस्त."

"बायका दुप्पट झाल्या की गप्पा दुप्पट होतात. दिवस कसले निम्मे?"

"मावशी, गप्पा धरायच्या नाहीत."

"बरं बाई. मग माझं ऐक. तागा तीस मीटरचा. जितकं जास्त कापावं, तितकं कमी उरतं. म्हणजे व्यस्त."

"नाही."

"का नाही? व्यस्तात गुणाकार कायम राहतो, हे तूच म्हणालीस ना? दहा कापलं, वीस उरलं, दोनशे. वीस कापलं, दहा उरलं, पुन्हा दोनशे. आता बोल."

मावशीला वाटलं, सुटलं एकदाचं.

"पंधरा कापून बघ," भाची म्हणाली.

मावशीने खडूने टेबलावर पंधरा गुणिले पंधरा मांडलं. दोनशे पंचवीस.

"तू एकच खूण दोन्ही टोकांकडून मोजलीस," भाची हसली. "इथे बेरीज कायम आहे, गुणाकार नाही."

मावशी त्या आकड्यांकडे बघतच राहिली. आतापर्यंत घटणं म्हणजे घटणं होतं. आता त्याच्याही दोन जाती निघाल्या, आणि चेहऱ्यावरून ओळखू येईना कोण कुठली. दुपारभर कापड कापताना तिचा हात दर खुणेशी अडखळला.

पेपरात मेणबत्ती आली: जळालेली लांबी आणि उरलेली लांबी, चलन कोणतं? मावशीने ती मनातल्या मनात निम्मी जळू दिली, गुणाकार केला, खोडला, पुन्हा केला.

फाटकाशी भाची उभी होती. "काय लिहिलंस?"

"दोन्ही नाहीत, असं लिहिलं. बाहेर आले तर सगळ्या म्हणतात, व्यस्त."

"अगं, तुझंच—"

"आता काही सांगू नकोस, डोक्यात नुसता गुंता झालाय. ही पिशवी धर, चपलेचा पट्टा सुटलाय."