ठिकाण नसलेली चिठ्ठी

शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे चिठ्ठीकाका म्हणत आणि जरा वचकूनच असत. तिथे एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी असे. पुढे शब्द, अर्थ आणि उगम. मागे ठिकाण, म्हणजे ही माहिती कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर सापडली ते. ठिकाण नसलेली चिठ्ठी काका लिहिणाऱ्याच्या तोंडावर फाडत. भल्याभल्या पंडितांची त्यांनी अशी जिरवली होती.

सूट होती ती एकाच बाईला, आणि ती त्यांची बायको. तीस वर्षं दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसली. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि डोकं त्याहून तल्लख. काकांनी "ठिकाण?" म्हणून विचारलं की ती म्हणे, "लिहिते हो सावकाश. माझ्या लक्षात आहे ना!" आणि खरंच असे. जगाला एक न्याय आणि घरच्या माणसाला दुसरा, अशी कुजबुज होई. काका तिकडे कानाडोळा करत.

आता 'म'चा खंड छापायला निघाला आणि खणातून तिची मुकुटाची चिठ्ठी वर आली. ताज फारसीतून आला हे कुणीही सांगेल. मुकुटाच्या मुळाबद्दल मात्र पंडितांचं अजून एकमत नाही. तिने लिहिलं होतं: 'मुळात केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून राबणाऱ्या माणसांनी कपाळाला बांधलेली साधी पट्टी. राजाने ती नंतर उचलली.' काकांनी चिठ्ठी उलटली. मागची बाजू कोरी होती.

जन्मभर तिने दुसऱ्यांचे शोध सुवाच्य अक्षरात उतरवून दिले. हा एक तेवढा तिचा स्वतःचा. आणि तो कुठून काढला हे फक्त तिलाच ठाऊक होतं, जिच्या लक्षात आता काही राहत नव्हतं. दोन वर्षांत आधी चाव्या गेल्या, मग शेजारणींची नावं, मग पोटच्या मुलीचं नाव.

काकांनी महिनाभर तिच्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या, ग्रंथालयाची कपाटं पालथी घातली. हाती धूळ लागली.

"शुक्रवारपर्यंत थांबते, काका," संपादकबाई म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "एखाद्या जुन्या पुस्तकाचं नाव टाका की मागे. तपासायला कोण बसलंय?"

"मी बसलोय," काका म्हणाले. घरी येताना मात्र त्यांना स्वतःचाच राग आला. लेखणी उचलायची, चार अक्षरं खरडायची, एवढंच तर होतं. तेवढंही त्यांच्या हातून होईना.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं. तिचे केस विंचरले, डोळ्यांवर येणाऱ्या बटा मागे सारून कपड्याची पट्टी बांधली. हे रोजचंच होतं. मग चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"अगं, हे कुठे वाचलं होतंस? आठवून बघ जरा. पुस्तक जाड होतं की बारीक, एवढं सांगितलंस तरी चालेल."

तिने चिठ्ठी उजेडात धरली. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छान अक्षर आहे हो. कुणाचं?"

काका म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचं."

"हुशार दिसते." मग सवयीने तिने चिठ्ठी उलटली, कोरी बाजू पाहिली आणि तिच्या कपाळाला, पट्टीच्या खाली, जुनी आठी पडली. "ठिकाण नाही लिहिलं?"

"नाही लिहिलं. राहून गेलं."

"मग फाडा ना," ती म्हणाली आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. "तुमचाच नियम आहे."

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांच्याबद्दल काहीतरी आठवलं होतं. काकांनी चिठ्ठी घेतली. ती वाट पाहत होती, म्हणून त्यांनी ती फाडली.