कुलपासकट दार

कुसाबाई भोये दिवसभर पाणी पीत नाही आणि का पीत नाही, हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. अजून जाग्यावर आलेलं नाही.

इंदिरानगरच्या पुढे आमचा मजूर नाका; मी तिथं मजुरांच्या संघटनेचं काम बघतो. पेठकडच्या डोंगरातली माणसं भात-नागली आटोपली की नाशकात येतात. सकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि ठेकेदाराची पिकअप आली की बांधकामावर जातात. बाप्यांचं काय, भिंत दिसली की झालं. बायांनी कुठं जायचं? म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. साइटवर आडोसा मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून तिथंही नाही. उन्हात घमेली वाहायची आणि घसा कोरडा ठेवायचा. कुसाबाईला लघवीची आग व्हायला लागली, ताप यायला लागला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भरपूर पाणी पी, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल.

"पिते की. पन जाऊ कुठं?" कुसाबाईनं विचारलं.

त्याची गोळी डॉक्टरीणबाईंकडे नव्हती.

आता मला राग कशाचा येतो ते ऐका. नाक्यासमोर रस्ता ओलांडला की बायकांचं सार्वजनिक शौचालय आहे. टाइल्स आहेत, नळ आहे. त्याच्या विटा कुसाबाईनंच डोक्यावरून वाहिल्या. नारळ फुटला, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला कुलूप. किल्ली अमोल मंडपवाल्याकडे. हा कोण? कुणी नाही, कुणाचा तरी माणूस. आत त्यानं लग्नाच्या खुर्च्या आणि गालिचे रचले होते. बाया किल्ली मागायला गेल्या की म्हणायचा, तुम्ही लोक घाण करता. अरे, घाण करायला आधी आत तर जाऊ दे!

मी अर्ज केले, खेटे घातले. महापालिकेतले साहेब दरवेळी म्हणायचे, फाइल पुढं गेलीय. मी टेबलावर हात आपटला, तर शिपायानं मला बाहेर काढलं. शेवटी मी ठरवलं, हातोडा घ्यायचा आणि कुलूप फोडायचं. कुसाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, फोडाल तुमी, पोलीस धरतील आमाला."

खरं होतं ते. त्याचीच जास्त चीड आली.

पुढचं मला कुणी विचारलं नाही. एका सकाळी भागीबाईचा फोन आला. ही कुसाबाईची नाक्यावरची जोडीदारीण, तोंडानं फटकळ. म्हणाली, "दादा, दार घेऊन निघालोय हापिसात. या बिगीनं, लय जड हाय."

मी पोचलो तेव्हा दार भर रस्त्यात होतं. शौचालयाचं बाहेरचं दार लोखंडी, दोन झडपांचं, मधे साखळी आणि कुलूप. अशी दारं बिजागरीच्या खिळ्यांवर नुसती अडकवलेली असतात, वर उचलली की निघतात. बांधकामावर हे कुणाला ठाऊक नाही? बायांनी दोन्ही झडपा एकदम उचलल्या, डोक्यावर चुंबळी घातल्या आणि कुलपासकट दार घेऊन चालू लागल्या. अमोलच्या खुर्च्या त्यांनी फुटपाथवर ओळीनं मांडल्या होत्या, वर गालिच्यांच्या घड्या. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. भागीबाई त्यांना सांगत होती, रुखवत चाललाय, बाजूनं जावा.

दार थेट साहेबांच्या केबिनसमोर उभं केलं. साहेब बाहेर आले आणि घसरले माझ्यावर, की या अडाणी बायांना तुम्हीच भडकवलंत. तिथं माझा तोल गेला. ही अक्कल माझी असती तर मी छाती काढून सांगितलं असतं. डोंगरातल्या बाईला स्वतःचं डोकं असतं हे यांना पटतच नाही. तिच्यामागं कुणीतरी पँटवाला असलाच पाहिजे!

मग साहेब कुसाबाईकडे वळले. "ए बाई, सरकारी मालमत्ता मोडलीस. कळतं का?"

"मोडली कुठं साहेब? कुलूप हलवून बघा. दार तुमचं, ते आणून दिलं. संडास आमचा, तो तिथंच ठेवला."

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी पोलिसांचा दम दिला. बाया दाराभोवती फतकल मारून बसल्या. दिवसाचा रोज तर बुडालाच होता, आता घाई कसली? येणारा-जाणारा विचारायचा, हे दार कशाचं? भागीबाई प्रत्येकाला खणखणीत आवाजात सांगायची, संडासाचं. कुलूप का आहे, तेही सांगायची. दुपारपर्यंत साहेबांना कॉरिडॉरमधून चालणं मुश्कील झालं. ते म्हणाले, दार परत बसवतो, किल्ली वॉचमनकडे ठेवतो.

बाकीच्या उठल्या. कुसाबाई हलली नाही.

"आतल्या दारांना आतून कड्या हायेत. मग बाहेरून कुलूप कशाला? आत काय सोनं ठेवलंय?"

साहेबांनी खिशातून फोन काढला. वेल्डर आला, साखळी तोडली, कोयंडा कापला, दार जागेवर बसलं. संध्याकाळी मोबाइलवर फोटो फिरला: दाराला हात लावून साहेब, आणि खाली 'महिलांसाठी तत्पर'. विटा वाहणारी, दार वाहणारी, कुणीच फोटोत नाही. थू!

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेलो. कुसाबाईनं भागीबाईच्या हातातली बाटली घेतली, तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. भागीबाई म्हणाली, माझ्यासाठी घोटभर तरी ठेवायचं. कुसाबाई तोंड पुसत रस्ता ओलांडून गेली.

तेवढ्यात पिकअप आली. ड्रायव्हरनं घाईघाईनं हॉर्न दिला. भागीबाई गाडीच्या मागच्या फाळक्यावर पाय ठेवून आडवी उभी राहिली.

"थांब रे. माणूस आत हाय."