अक्काने टाकून दिलेले आकडे

अक्का गेली त्या सकाळी मी भोकरदनला एका लग्नाला गेलो होतो. बायकोचा फोन आला, "जल्दी निघा. अक्का उठून न्हाई राह्यल्या..." मस्तगडच्या आमच्या घरी पोचलो, तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. वय एक्क्याऐंशी. आमच्या घराण्यात एवढं आयुष्य कुणालाच मिळालं नव्हतं आणि अक्काचं सगळं संशोधन त्याच्याच मागे लागलेलं होतं.

आम्ही मूळचे वडीगोद्री गावचे. सदतीस वर्षांचा आमचा दादा एके दिवशी मोटर चालू करायला विहिरीवर गेला, तो घरी परत आलाच नाही; तिथेच छातीत कळ येऊन गेला. त्याच्या पापण्यांवर पिवळसर डाग होते. आई म्हणायची, उष्णता आहे. अक्का तेव्हा हैदराबादला जीवरसायनशास्त्र शिकत होती. तेराव्यानंतर ती परत गेली आणि तिने संशोधनाचा विषयच बदलला. "कोलेस्टेरॉल दुश्मन न्हाई रे," ती मला समजावायची. "त्याच्याबिगर शरीरातली एक पेशी उभी राहणार न्हाई. पण यकृतानं ते रक्तातून उचलायला पाहिजे. काही घरांत हे उचलणंच कमी पडतं, मग ते पापण्यांवर साठतं, काळजाच्या नळ्यांत साठतं. हे बापाकडून लेकराकडं जातं." ते घर आमचं आहे का, हे तिला बघायचं होतं.

म्हणून एका हिवाळ्यात ती नळ्या, सुया आणि बर्फाची पेटी घेऊन गावी आली. भाऊबंदांतली चाळीसेक माणसं पहाटे उपाशीपोटी जमवायचं काम माझं. जमवलीही. चार महिन्यांनी ती घरी आली, तेव्हा प्रबंध टायपिंगला गेलेला होता. जेवताना सहज म्हणाली, "एक कोडं सुटंना. उपाशी माणसाच्या रक्तात इतकी चरबी कशी?" गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं...

"अक्का, ते उपाशी नव्हते. थंडी होती, म्हातारी माणसं दारात बसलेली. मीच सगळ्यांना चहा पाजला. दुधाचा. संग खारी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने ताट सरकवलं, हात धुतले आणि अंगणात जाऊन उभी राहिली. तिचे मार्गदर्शक म्हणाले होते म्हणे, चहाचं कोण विचारणार, जाऊ द्या. अक्काने टायपिंगचे कागद परत मागवले आणि ते सगळे आकडे टाकून दिले. पदवी लांबली, ठरत आलेली नोकरी दुसऱ्याला गेली. त्याबद्दल ती मला जन्मात एक शब्द बोलली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. या खेपेला पहाटेपासून स्वतःच चुलीपुढे पाट टाकून बसली, कुणाला जाळ करू दिला नाही. सगळ्यांचं झाल्यावर माझ्याकडे वळली. "मागं तू चहाच्या गडबडीत राह्यलास. बस आता." महिन्याभरात ती पत्र न पाठवता स्वतः एस.टी.ने आली. "तुझं दादासारखंच आहे," एवढंच म्हणाली आणि माझ्या हाताला धरून बसून राहिली. तिचं स्वतःचं रक्त साफ होतं. त्याची तिला कायम लाज वाटायची, जणू तिने आमच्या वाट्याचं काही घेतलं होतं. त्यावरच्या गोळ्या निघायला तेव्हा बरीच वर्षं होती. तोवर तिने माझी बिडी सोडवली, तूप तोडलं, रोज कोसभर चालायला लावलं. आज मी पंचाहत्तरीचा आहे.

निवृत्तीनंतर ती आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायला आली. संध्याकाळचं जेवण झालं की जिन्यावरून एकच शब्द यायचा, "गोळी?" मी "घेतली" म्हटल्यावर तिचं दार लागायचं. मग पुण्याला माझ्या मुलाला फोन. हा वारसा त्याच्याकडेही आलाय.

ती गेल्यावर आठवडाभर मी जेवून तसाच बसून राहायचो. एका संध्याकाळी एकदम मुलाची आठवण झाली. फोन लावला.

"गोळी?"

"घेतली, बाबा. अन् तुम्ही?"

मी फोन तसाच कानाला धरून उठलो आणि फडताळातला गोळ्यांचा डबा काढला.