सावलीवरचं ठिगळ

आमच्या वहिनीला पाण्याची भीती वाटते आणि तिची नोकरी नद्यांवर नजर ठेवण्याची आहे. यात काही विचित्र आहे असं तिला कधीच वाटलं नाही. “वाघाला भिणारा माणूसच वाघ कुठे बसलाय ते बघत राहतो,” असं तिचं म्हणणं. तिला पोहता येत नाही, ती होडीत बसत नाही, न्हाणीघरात पाणी तुंबलं तर आधी स्टुलावर चढते आणि मग माझ्या भावाला हाक मारते. नदी तिला आवडते, पण सातशे किलोमीटरवरून. तेवढ्या उंचीवर तिचा उपग्रह फिरतो.

तिचं खोरे कार्यालय माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या समोर, दुसऱ्या मजल्यावर आहे. खोलीत दोन मोठे पडदे, एक कुरकुरणारी खुर्ची आणि एक एसी. एसीखाली बादली. जलसंपत्तीच्या त्या अख्ख्या कार्यालयात प्रत्यक्ष जलसंपत्ती म्हणाल तर त्या बादलीतच. बाकी सगळं पडद्यावर. डोंगरात पाऊस किती पडला, जमीन किती प्यायली, नदीत किती उतरणार, हे वहिनीचं मॉडेल आधी सांगतं आणि उपग्रहाची चित्रं बघून ती ते ताडून पाहते. तिचा उपग्रह रडारवाला आहे, त्याला ढगांतूनही दिसतं. त्याच्या चित्रात पाणी काळं येतं. जिथे काळं तिथे पाणी, असं संगणकाला शिकवून ठेवलेलं.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. दादा पुलांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. वहिनीनं काळजी करायची आणि दादानं तिची थट्टा करायची, हे आमच्या घराचं ठरलेलं वेळापत्रक. आईनं तर सुनेचं नावच ‘काळजीवाहू’ ठेवलंय. “सरकारं येतात नि जातात,” ती म्हणते, “आमची काळजीवाहू कायम.”

त्यात दोन वर्षांपूर्वी एक प्रकार झाला. नदीच्या उगमाकडे एक अरुंद, खोल घळ आहे. तिथे वहिनीच्या संगणकाला एकाएकी मोठं तळं दिसलं. वहिनी घाबरली, साहेबांना घाबरवलं, साहेबांनी वरच्यांना घाबरवलं. चिखलात रुतत तीन गाड्या घळीत पोचल्या. तळं नव्हतं. रडार तिरकं बघतं, त्यामुळे उंच कड्यामागचा भाग त्याला दिसतच नाही, आणि न दिसलेलंही चित्रात काळंच उमटतं. म्हणजे ती कड्याची सावली होती. उपग्रहाच्या नव्या वाटेवरची चित्रं तेव्हा नुकतीच तपासायला घेतली होती आणि ही गोष्ट वहिनीच्या नजरेतून निसटली. पुढे कित्येक महिने कार्यालयात कुणी उन्हात उभं राहिलं की दुसरा म्हणे, “सांभाळा, सावलीत बुडाल.” दादानं तर एकदा अंगणातल्या स्वतःच्या सावलीवरून उडी मारून दाखवली.

वहिनी हसली. हसून तिनं त्या अख्ख्या घळीवरच ठिगळ टाकलं. ठिगळ हा त्यांच्या कार्यालयातला शब्द. चित्राच्या एखाद्या तुकड्यावर खूण करायची आणि संगणकाला सांगायचं, इथे काळं दिसलं तरी मोजू नकोस. संगणक गुणी, त्यानं पुन्हा कधी त्या बाजूला बघितलं नाही. थट्टाही थांबली.

यंदा पावसाचा भर आमच्याकडे ओसरला, वर डोंगरात मात्र चालूच होता. आणि नदी उतरायला लागली. पुलाचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे पडले, मग पायापर्यंत. दादाच्या कंपनीला लॉटरी लागल्यासारखं झालं. खांबांच्या बुडाला पडलेल्या भेगा भरायच्या होत्या, त्यासाठी एरवी अजून बरीच वाट बघावी लागली असती. वाळूच्या पोत्यांचा आडोसा केला, पंप लावला, दादा माणसं घेऊन पात्रात उतरला.

त्या दिवशी सकाळी वहिनीच्या ताटातलं तसंच राहिलं.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“नदीत पाणी कमी आहे.”

“मग बरंच की. तू तर पाणी वाढलं की जेवत नाहीस. आता कमी झालं तरी जेवायचं नाही म्हटल्यावर आम्ही तुला कधी वाढायचं?”

“आई, वर पाऊस पडतोय. चांगला पडतोय. मग ते पाणी आहे कुठे?”

दादा बूट चढवत होता. “मी नेलं नाही,” तो म्हणाला. “हवं तर खिसे तपास.”

“अहो, आज नका ना उतरू पात्रात.”

“अगं, घोटाही बुडत नाही. तुझ्या न्हाणीघरात याहून जास्त पाणी असतं.”

“म्हणूनच म्हणतेय.”

दादा हसत गेला. वहिनी खिडकीतून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. वाढलेल्या नदीला सगळेच भितात. आटलेल्या नदीला भिणारी मी ही एकच बाई पाहिली.

ती डबा घरी विसरली होती. दुकान उघडल्यावर तो द्यायला मी वर गेलो, तर ती पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाऊजी, मॉडेल म्हणतंय नदीत याच्या तिप्पट पाणी हवं. पातळी मोजणारं यंत्र बिघडलं असेल म्हणून साहेब हसले. पण पूल तर बिघडत नाही ना? खांब उघडे दिसतायत.”

“मग पाणी अडलंय कुठेतरी?”

“सगळं खोरं बघितलं. कुठेच तळं नाही.” मग तिचा आवाज एकदम खाली गेला. “सगळं म्हणजे, मी संगणकाला जेवढं बघू देते तेवढं.”

तिनं घळीवरचं ठिगळ काढलं. पहिल्या खेपेला घाईत भलतंच काहीतरी उघडलं. खालून काळा डाग वर आला. मला तो दोन वर्षांपूर्वीच्या डागासारखाच वाटला, तसं मी म्हटलंही.

“सावली असू शकते,” ती म्हणाली. “असू दे, देवा, सावलीच असू दे. हसू देत सगळे.”

मग तिनं त्याच वाटेवरून, त्याच कोनातून घेतलेली मागची चित्रं एकावर एक ठेवली. उपग्रह त्याच जागेवरून बघत असेल तर सावली तीच पडते, तिला जाडी चढत नाही. हा डाग आधी दोन वर्षांपूर्वीइतकाच, कड्याला चिकटून बसलेला काळा पट्टा होता. पुढच्या चित्रात तो घळीत पसरला. त्याच्या पुढच्यात त्यानं वळण घेतलं. ताज्या चित्रात तो लांबलचक झाला होता आणि त्याचं खालचं टोक कुणी सुरीनं कापल्यासारखं सरळ होतं. तिथे नदीत डोंगर कोसळला होता. दरडीचा बांध, त्यामागे नदी कोंडलेली, आणि या सगळ्यावर आमच्या वहिनीचं ठिगळ.

“मीच झाकलं,” ती म्हणाली. “हसतात म्हणून झाकलं.”

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेब माणूस वाईट नाही, पण पोळलेला.

“बाई, पुन्हा ती घळ?” ते म्हणाले. “मागच्या खेपेचा चिखल अजून माझ्या गाडीच्या पत्र्याला आहे.”

“साहेब, सावली वाढत नाही.”

“इशारा माझ्या सहीनं जातो. खालची वस्ती रिकामी केली आणि काही निघालं नाही, तर?”

“तर हसतील.”

साहेबांनी चित्रं पाहिली. एकदा, दोनदा. मग घळीच्या तोंडाशी जी वनखात्याची चौकी आहे तिथे फोन लावला. चौकीवाल्याचा आवाज मलाही ऐकू आला. रस्त्यावर दरड आलीय साहेब, गेले काही दिवस घळीकडे कुणी गेलेलंच नाही. हो, आवाज मोठा झाला होता. आम्हाला वाटलं, रस्त्यावरचीच दरड असेल.

साहेबांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले. तो मीच विकलेला चष्मा होता आणि त्यावर काहीही लागलेलं नव्हतं.

“मी वर कळवतो,” ते म्हणाले. “आदेश निघायला, भोंगा वाजायला वेळ जाईल.”

“आमचे हे पात्रात आहेत,” वहिनी म्हणाली.

दादाचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. पात्रात उतरताना सगळ्यांचे फोन वर टेम्पोत ठेवायचे, ही त्याचीच शिस्त. माझ्या स्कूटरवर मागे बसल्यावर वहिनी एरवी प्रत्येक चौकात ‘हळू’ म्हणते. त्या दिवशी ती एकदाही म्हणाली नाही, आणि मला जी भीती वाटायला लागली ती तिथून.

पुलावरून खाली पाहिलं तर सगळं इतकं शांत की आपणच वेडे ठरावं. ऊन पडलेलं. पात्रात कोरडे गोटे, मधून पाण्याची एक सुस्त धार. खांबाशी दादा आणि त्याची माणसं, कुणीतरी गाणं गुणगुणत होतं.

“दादा, वर ये,” मी ओरडलो. पंपाच्या आवाजात त्याला काही कळलं नाही. त्यानं नुसता हात हलवला.

मी शिडीकडे वळतोय तोवर वहिनी शिडीवर होती. प्रत्येक दांडा दोन्ही हातांनी कवटाळत, डोळे मिटून, ती उतरली. गोट्यांवरून धडपडत खांबापाशी गेली आणि पाण्यात उभी राहिली.

दादानं पंप बंद केला. “अगं, तू? आज सावली इथवर आली का?”

माणसं हसली.

“वर दरडीनं नदी अडलीय,” वहिनी म्हणाली. दात वाजत होते, शब्द तुटत होते. “बांध मातीचा आहे. कधीही जाईल. तुम्ही सगळे वर गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

दादाचं हसू तसंच राहिलं, पण नजर तिच्या पायांवर गेली. लग्नानंतर ही दोघं समुद्रावर गेली होती, तेव्हा ही चपला हातात घेऊन वाळूत बसून राहिली होती. लाटेनं पाय धरायला बघितले की मागे सरकत. तीच बाई आता घोटाभर नदीत उभी होती आणि मागे सरकत नव्हती.

“चला रे,” दादा म्हणाला. “वर.”

“पंप?”

“राहू दे पंप.”

सगळे वर आलो. आणि काहीच झालं नाही. तो वेळ मला अजून आठवला की हाताला घाम येतो. माणसं कठड्याला टेकून उभी, एकजण म्हणाला, “बाई, बांध जेवायला गेला असेल.” हसणारे पहिल्यापेक्षा कमी होते. दादा दोनदा शिडीकडे गेला. भाड्याचा पंप, पटकन घेऊन येतो म्हणाला.  वहिनीनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही.

मग पात्रातली धार मळकट झाली. चहात दूध पडावं तशी. मग ती रुंद झाली. गोटे एकेक करून बुडायला लागले, आवाज न करता. पोत्यांच्या आडोशाशी पाणी क्षणभर थांबलं आणि मग पोती, पंप, शिडी सगळं घेऊन पुढे गेलं. त्यामागून एक अख्खं झाड आलं, मुळांसकट, पानं अजून हिरवी.

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. “आलं ते हेच ना?” तो म्हणाला. “झालं ना?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “हे नुसतं वरून सांडतंय. बांध अजून फुटायचाय.”

“किती वेळ आहे?”

“माहीत नाही हो.”

पुलाच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, दोन गल्ल्या, नदीला लागूनच. भोंगा अजून वाजला नव्हता. दादानं आपल्या माणसांकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे. वहिनीनं सदरा सोडला.

“डावी गल्ली तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “उजवी मी आणि भाऊजी.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती दार वाजवायची आणि भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या हळू म्हणायची, “वर चला. मुलं आधी.” तिचा चेहरा बघून कुणी ‘का’ म्हणून विचारलं नाही. एक आजोबा तेवढे सायकलला कुलूप लावत बसले. “नदी काय किल्ली घेऊन येणार आहे का, आजोबा?” मी म्हटलं, तर ते कुलूपच विसरले आणि सायकल घेऊन चालायला लागले. दुसऱ्या गल्लीतून दादाचा आवाज येत होता. तो ऐकू येईनासा झाला की वहिनी थांबायची, पुन्हा आला की पुढच्या दाराकडे जायची.

भोंगा वाजला तेव्हा आम्ही चढावर होतो. बांध फुटला तो आम्ही पाहिला नाही, ऐकला. आधी दूरवर मालगाडी जावी तसं काहीतरी, मग पायाखालची जमीन बारीक हलायला लागली. मागे वळून पाहिलं तर दोन्ही गल्ल्यांच्या जागी तपकिरी पाणी होतं आणि त्यातून विजेचे खांब वर आलेले दिसत होते.

लोकांना टेकडीवरच्या शाळेत नेलं. दादा डाव्या गल्लीतली शेवटची म्हातारी पाठीवर घेऊन सगळ्यांत उशिरा पोचला. तोवर वहिनी शाळेच्या दारातच उभी होती, कुणी बस म्हटलं तरी बसत नव्हती. तो दिसल्यावर ती तिथेच खाली बसली.

कुणीतरी चहा आणून दिला. तिच्या हातात कप राहीना. दादा शेजारी बसला, म्हणाला, “थांब, मी धरतो.” त्यानं कप घेतला, पण त्याचाही हात स्थिर नव्हता. अर्धा चहा दोघांच्या कपड्यांवर सांडला. दाराजवळच्या एका बाकावर आई बसली होती, भोंगा ऐकून शेजाऱ्यांनी तिला आणून सोडलं होतं. तिनं सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी फिरकी येणार. पण तिनं नुसता आपला रुमाल पुढे केला.