मसुरीच्या वाटेवर मंदाताई

जयसिंहराव मोहित्यांनी उमेदीची सगळी वर्षं लोकांना गावोगावी पोचवण्यात घालवली, आणि त्यांच्या बायकोनं, मंदाताईंनी, ग्वाल्हेरबाहेरचं जग पाहिलं ते लग्नाकार्यापुरतं. राव सरकारी बसवर कंडक्टर होते. शिवपुरी, झाशी, भिंड. घरी आले की अंगाला डिझेलचा वास, आणि बोलायला लागले की आवाज अख्ख्या माधवगंजात ऐकू जाई. पुढे राज्याच्या बसच बंद पडल्या. रावांनी नई सडकेवर एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली, आणि मंदाताईंनी घरात साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन टाकलं. मुलगा सौरव शिकला, पुण्याला गेला, तिथलाच झाला.

"रिटायर झालो की तुला मसुरी दाखवतो," राव म्हणायचे. "सरकारी बसमधनं. पहिल्या सीटवर बसवून."

रिटायर झाले, पण निघणं काही झालं नाही. आधी गुडघे, मग सौरवचं लग्न. आणि मागच्या दिवाळीनंतर राव एकदा फूलबागेत फिरायला गेले ते परत यायचा रस्ताच विसरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हा विसरण्याचा आजार आहे. हळूहळू वाढत जाईल. घरच्यांना सांगून ठेवा."

मंदाताईंनी कुणालाच सांगितलं नाही. सौरवचा फोन आला की त्या रावांच्या शेजारी बसत आणि राव अडखळले की पुढचं वाक्य स्वतः पुरं करत. शेजारपाजारच्यांना सांगत, "ऐकायला कमी येतं हल्ली." ज्या माणसाला भाड्याचा पैसा न् पैसा तोंडपाठ असे, त्याला लोक वेडा म्हणतील, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. आणि एक भीती होती. आणखी वर्षभरानं मसुरीला नेलं, तर आपण कुणाला काय दाखवायला आणलं होतं तेच यांना आठवायचं नाही. म्हणून मे महिन्यात, ग्वाल्हेर भट्टीसारखं तापलेलं असताना, त्यांनी डेहराडूनची तिकिटं काढली. सौरवला एवढंच सांगितलं, "बाबा म्हणतायत, जाऊन येतो."

सकाळी डेहराडूनला उतरल्यावर टॅक्सीवाले मागे लागले. राव त्यांच्याकडे बघेनात. स्टेशनालगतच मसुरीच्या बसचा स्टँड होता, तिकडे ते ताडताड निघाले. बस बघितल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मंदाताईंना वाटलं, आणलं ते बरं झालं. पहिली सीट मिळाली नाही, तिसरी मिळाली. घाट लागेल म्हणून मंदाताईंनी उलटीची गोळी घेतली. राव कंडक्टरला सांगत होते, "मी पण लाईनीतलाच आहे हो." तो पोरसवदा कंडक्टर हसून म्हणाला, "अच्छा अंकलजी!" राव मराठीत बोलले होते. त्याला काय कळलं कोण जाणे.

वळणं सुरू झाली. खाली दरी, वर गाड्यांची रांग. दिल्ली-हरियाणाच्या गाड्यांनी रस्ता भरून गेला होता, बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. गोळीनं मंदाताईंचे डोळे जड झाले. रावांच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले, ते उघडले तेव्हा बस मसुरीच्या लायब्ररी चौकात उभी होती. लोक उतरत होते. शेजारची सीट रिकामी होती.

आधी त्यांना वाटलं, सामान काढायला उतरले असतील. खाली उतरून त्यांनी बसभोवती फेरी मारली. राव नव्हते.

"भैया, ये कहाँ गए? मेरे साथ जो थे?"

कंडक्टर गोंधळला. "अंकलजी? वो तो नीचे उतरे थे ना, अम्माजी. जाम में गाड़ी पीछे लेनी पड़ी, तो वो ही पीछे खड़े होकर बैक करा रहे थे. मैं आगे वाली कार हटवा रहा था. फिर रास्ता खुला, ड्राइवर ने निकाल दी. मैंने समझा चढ़ गए."

काय झालं ते मंदाताईंना कळलं. गाडी मागे घ्यायची म्हटल्यावर राव बसून राहणं शक्यच नव्हतं. हयातभर तेच केलेलं. मागे उभं राहायचं, बसचा पत्रा थोपटायचा, "आने दो, आने दो." आणि आपण झोपलो. त्यांचा मोबाइलही आपल्याच पर्समध्ये.

"अरे, बुजुर्ग हैं तो क्या, अगली बस पकड़ के आ जाएँगे," कुणीतरी म्हणालं. आजूबाजूला माणसं जमली होती. कंडक्टरही मान हलवू लागला.

तेव्हा मंदाताईंना ते बोलावं लागलं. दोन्ही मोबाइल मुठीत घट्ट धरून, भर चौकात, परक्या लोकांसमोर त्या ओरडल्या, "नहीं आएँगे! उनको याद नहीं रहता. भूलने की बीमारी है उनको. नाम भी कभी-कभी भूल जाते हैं."

इतके महिने जे घरातल्या भिंतींनाही ऐकू दिलं नव्हतं, ते असं बाहेर पडलं. रडू मात्र आलं नाही.

मग मात्र कंडक्टर हलला. त्यानं रावांचा फोटो आपल्या मोबाइलवर घेतला, खालीवर करणाऱ्या बसवाल्यांना पाठवला, आणि सुटायच्या बेतात असलेल्या बसमध्ये मंदाताईंना सामानासकट बसवून दिलं. त्या ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभ्याच राहिल्या. प्रत्येक वळणावर दरीच्या कठड्याकडे बघायचा धीर होत नव्हता आणि न बघता राहवतही नव्हतं. रावांसारखा पांढरा शर्ट दिसला की त्या काचेकडे वाकत. घाटात पांढरे शर्ट बरेच होते.

निम्मा घाट उतरल्यावर ड्रायव्हरला फोन आला. भट्टा गावाच्या खालच्या वळणावर एक म्हातारबाबा रस्त्यात उभं राहून गाड्यांना हात दाखवत होते, मॅगीवाल्यानं त्यांना टपरीत बसवून ठेवलंय.

राव प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, ओठ सुकलेले, समोर चहा निवलेला. मंदाताई जवळ गेल्या तसे ते अदबीनं उठले.

"बाई, तुम्ही मराठी दिसता," ते म्हणाले. "जरा मदत करा. माझी बायको गाडीत राहिली. गाडी पुढे निघून गेली. तिला घाट सोसत नाही हो, आणि ती कधी एकटी कुठं गेलेली नाही."

मी मंदा, असं ओरडून सांगावं असं मंदाताईंना वाटलं. पण रावांच्या डोळ्यांतली काळजी इतकी खरी होती की ती मोडवेना.

"मिळाली ती," त्या म्हणाल्या. "उतरवून घेतलंय तिला. बरी आहे."

"उलटी नाही ना झाली?"

"नाही. गोळी घेतली होती."

राव हळूहळू खाली बसले. मंदाताईंनी त्यांना पाणी पाजलं, रुमाल ओला करून तोंड पुसलं. बऱ्याच वेळानं रावांनी मान वळवली. "मंदा, किती उशीर केलास गं," ते कुरकुरले. तेव्हा मात्र मंदाताईंना रडू आवरलं नाही. मॅगीवाला पाठ करून भांडी घासत राहिला.

तिथूनच त्यांनी सौरवला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं.

"आई, इतने महीनों से? आणि मला तू सांगितलं नाहीस?" तो चिडला. मग म्हणाला, "तुम्ही खाली डेहराडूनला जाऊन थांबा. मी येतो. कहीं मत जाना, प्लीज."

वर जाणारी बस आली. राव उठले. मंदाताईंनी त्यांचा दंड धरला आणि बस जाऊ दिली. पुन्हा त्या वळणांवरून जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. खाली जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी आपल्या पदराचं टोक रावांच्या मनगटाला बांधलं. राव थोडे चिडले, मग विसरले.

सौरव आला, दोघांना ग्वाल्हेरला घेऊन आला, पंधरवडाभर राहिला. तो पुण्याला चला म्हणाला. मंदाताईंनी नाही म्हटलं. "तिथं हे दाराबाहेर पडले तर कोण ओळखणार?" मग त्या स्वतःच नई सडकेवर दुकानादुकानातून फिरल्या आणि रावांना काय झालंय ते सांगून आल्या. काही हळहळले, काहींनी उपचार सुचवले. एकीनं मागल्या जन्मीचं पाप काढलं. मंदाताई तेही ऐकून आल्या.

यानं आजार थांबला नाही. राव आता सौरवला आपला धाकटा भाऊ समजतात. मंदाताईंची झोप कुत्र्यासारखी सावध झालीय, कडी वाजली की त्या उठून बसतात. पुढच्या वर्षी काय, हे त्यांना कुणी विचारत नाही आणि त्याही बोलत नाहीत.

आठवड्यातून एकदा तरी राव निसटतातच. मग कधी चौकातून, कधी फूलबागेच्या फाटकावरून फोन येतो. परवा दुपारी रावांच्या जुन्या कापड दुकानातल्या लक्ष्मीकांतचा आला. "काकू, काका इकडे गल्ल्यावर बसलेत. चहा दिलाय. तुम्ही सावकाश या."

मंदाताईंनी मशीनमधली अर्धी साडी तशीच ठेवली आणि चपला शोधायला लागल्या.