मानी व्हेलोसेट आणि मिस्त्रीणबाई

जुन्या इंग्रजी मोटरसायकलींच्या मिस्त्रींचा गुडघा नेमका त्या सकाळी संपावर गेला. समोर एक जावईबापू सासऱ्यांची व्हेलोसेट घेऊन उभे. "आज सुरू झाली नाही, तर भंगारात!" म्हणत त्यांनी वीस दणदणीत किका हाणल्या. गाडी ढिम्म.

"अहो, दार फोडताय का?" मिस्त्रीणबाई बाहेर आल्या. "नॉर्टन गाडी दांडगाई सोसेल, ही मानी आहे."

चाळीस वर्षं नवऱ्याची बडबड ऐकलेली! त्यांनी किक दाबून इंजिन अडतं ती जागा शोधली, हँडलवरची, इंजिनातला दाब सोडणारी खटकी दाबून किक जराशी पुढे सरकवली, खटकी सोडली आणि सावकाश पूर्ण किक मारली. गाडी गुरगुरली. खुर्चीत बसलेल्या मिस्त्रींची छाती फुगली.

"मावशी, पुन्हा दाखवा ना!"

"दाखवते. आधी भंगारवाल्याला नाही म्हणून कळवा."